पन्नास उन्हं

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि मला भयंकर राग आला आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी उसासे टाकत, डोळे पुसत बोलायचं असतं, असं तुम्ही शाळेत वाचलं असेल. मला ते जमणार नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, आणि मला तर तळपायसुद्धा नाहीत, खाली लोखंडी रूळ आहेत.

तुमच्या खिशातला तो चपटा कॅमेरा डोळ्यांपुढे आणू नका. मी चांगला सहा फूट लांब आहे. अंग सागवानी, मधला भाता कातड्याचा, आणि पुढे चित्र टाचायचा फळा. दोन्ही बाजूंनी कार्बनचे दिवे पेटले की फळ्यावरचं चित्र माझ्या पोटातल्या फिल्मवर उतरायचं आणि त्या फिल्मवरून छपाईचे ठसे व्हायचे. तुमच्या आजी-आजोबांच्या घरातली कॅलेंडरं, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, पुस्तकांतली चित्रं, सगळं माझ्या पोटातून गेलेलं आहे. कौतुक मात्र कायम छापणाऱ्याचं. असो. तो राग जुना आहे, आजचा वेगळा आहे.

घाटकोपरच्या खंडू मिस्त्रीने मला १९६२ साली घडवलं. नुसती लेन्स तेवढी परदेशातून आली, बाकी सगळा मी इथलाच. विक्रोळीच्या एका छापखान्यात मी तेरा वर्षं राबलो. तिथे मला चालवणाऱ्याचं नाव माणिक तायडे. अकोल्याकडच्या खेड्यातून आलेला, काळासावळा, शिडशिडीत, आणि तापट. माझा स्वभाव कुणावर गेलाय ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

माणिकच्या आईचा जगात एकच फोटो होता. अकोल्याच्या स्टुडिओत काढलेला, रंगीत. आई गेल्यावर माणिकने तो विक्रोळीच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर लावला. सकाळचं ऊन त्या भिंतीवर यायचं. चार वर्षांत आईचा चेहरा उडाला. लुगड्याचा काठ राहिला, कपाळ राहिलं, आणि डोळ्यांच्या जागी पिवळट डाग. माणिक फोटो घेऊन दादरपासून मुलुंडपर्यंत दुकानं फिरला. जो तो एकच सांगे, "ऊन लागलं." माणिक खवळला. "ऊन लागलं हे मलाही दिसतंय हो! किती ऊन लागल्यावर किती रंग जातो, ते सांगा ना!" कुणालाच माहीत नव्हतं. आयुष्यभर रंग विकणाऱ्यांना नाही, छापणाऱ्यांना नाही, फोटो काढणाऱ्यांना तर त्याहून नाही.

त्या रागातून आमचं मंडळ जन्माला आलं. फेब्रुवारी १९७५. उपनगर छायामुद्रण अभ्यास मंडळ, विक्रोळीचं कन्नमवार नगर, तळमजला. अकरा सभासद. कुणी मशीनवर काम करणारे, कुणी ठसे बनवणारे, एक शाळेतले विज्ञानाचे मास्तर. त्याच वर्षी छापखान्यात नवा कॅमेरा आला आणि मला भंगारात काढलं. माणिकने हातगाडी आणली आणि मला मंडळाच्या खोलीत नेऊन उभं केलं.

आता मंडळाचा रिवाज नीट ऐका, कारण पुढची सगळी वाट तिथेच लागली आहे.

दर वर्षी एक पट्टी छापायची. त्या वर्षी छपाईत जी सगळ्यात नवी रीत आली असेल त्या रीतीने. पट्टीवर सात रंगांचे चौकोन आणि एक चेहरा, तोच तोच, दर वर्षी. पट्टीच्या दोन प्रती. एक प्रत माझ्या पोटात, ठार अंधारात ठेवायची. ती 'अंधारातली'. दुसरी 'उन्हातली'. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी जुन्या-नव्या सगळ्या उन्हातल्या पट्ट्या गच्चीवर न्यायच्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन दाखवायचं, मग उतरवून अंधारातल्या जोडीदाराशेजारी धरायच्या आणि बघायचं, किती उडाली. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत कपाटात बंद. वर्षाला एकच ऊन. म्हणून आमच्यात पट्टीचं वय उन्हात मोजायचे. "ही बारा उन्हांची आहे, पण लाल बघ कसा टिकलाय!" असं.

चेहरा कुणाचा, म्हणाल? वर्सोव्याच्या मथुराचा. तिचा नवरा चंदर मंडळाचा सभासद, छापखान्यात मशीनवर होता. पहिल्या वर्षी ती त्याचा डबा घेऊन गच्चीवर आली, तर ही शिकलेली माणसं दोरीला चिमटे लावून नुसत्या रंगांच्या, चाचणीच्या पट्ट्या टांगत होती. वाऱ्याने एकीची सावली दुसरीवर. मथुराने कपाळावर हात मारला. "अशी टांगतात व्हय? ह्यापरीस आमचे बोंबील शाणे!" तिने बांबू मागवले, तिरकी चौकट बांधली, एकीची सावली दुसरीवर पडणार नाही अशा पट्ट्या पसरल्या आणि कावळे हाकायला स्वतः बसली. माणिक तिच्याकडे बघत राहिला. उन्हात रापलेला चेहरा, हिरवं लुगडं, लाल कुंकू, कानांत सोनं. सगळे रंग एकाच बाईत! त्याच आठवड्यात तिला माझ्यापुढे उभं केलं. माझ्या लेन्सने बघितलेला सगळ्यात चांगला चेहरा तो, आणि मी हजारो बघितलेत.

मथुरा दर वर्षी यायची. पट्ट्यांवरची स्वतःची तोंडं फिकी होताना बघून खो खो हसायची. "मी उन्हात बसून काळी होतंय, आन् ही बया गोरी होत चाल्लीय!" एकदा चंदर म्हणाला, नवा फोटो काढू या तुझा. तर त्याच्यावर डाफरली, "गप रे! माझी सगळी उन्हं हायत त्यात."

वर्षं गेली. ठशांची छपाई जाऊन ऑफसेट आलं, मग संगणक आला, मग शाई फवारणारे प्रिंटर आले. आमच्या मंडळाचं नाव बदलून 'मुद्रण तंत्र परिषद' झालं, व्याख्यानं व्हायला लागली, चहाबरोबर बटाटेवडे यायला लागले. पण पट्टी चुकली नाही. शाळा विचारायला यायच्या, दाखल्यांवर कुठली शाई वापरू? फोटोवाले यायचे. माणिक पट्ट्या पसरून दाखवायचा. १९७८ सालच्या पट्टीवरचा साधा काळा चौकोन तीस उन्हांनंतरही ढिम्म होता, आणि १९९९ ची झकपक रंगीत पट्टी सात उन्हांत पांढरी फटक. जाहिरातीत काहीही सांगोत, पट्टी खोटं बोलत नव्हती.

इथे मला माणिकचाही राग येतो, सांगून टाकतो. विज्ञानवाले मास्तर त्याच्या मागे लागले होते, तायडे, दर वर्षीचं निरीक्षण लिहून ठेवा. हा ऐकेल तर शपथ. "मास्तर, आकडा लिहिला की लोक आकडा बघतात, पट्टी बघत नाहीत. पट्टी हीच आपली वही." मोठा आला शहाणा! एक वही घातली असतीस तर आज ही वेळ आली नसती, माणिक.

मथुरा २००३ साली गेली, माणिक २००९ साली. मग त्याच्या मुलीने, दर्शनाने, सगळं अंगावर घेतलं. ती मुलुंडच्या शाईच्या कारखान्यात रसायनं तपासायची. बापासारखीच तापट, पण बोलायला कमी. सभासद म्हातारे झाले, गळाले. कोरोनाच्या वर्षी ती एकटी, तोंडाला मास्क लावून, सत्तेचाळीस पट्ट्या गच्चीवर घेऊन गेली आणि दिवसभर एकटी कावळे हाकत बसली. संध्याकाळी माझं मागचं दार उघडून नवी अंधारातली पट्टी आत ठेवताना म्हणाली, "बाबा, झालं हो यंदाचं." 

मग सर्वेश आला. अंधेरीला त्याचा डिजिटल छपाईचा धंदा. सर्वेश वाईट मुलगा नाही, आणि हेच माझं दुखणं आहे. वाईट असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. हुशार, हसरा, धावपळ्या. नऊ सभासदांचं मंडळ त्याने दोनशेवर नेलं. परिषदेची 'इमेजिंग सोसायटी' झाली. उपग्रहांची चित्रं, शरीराच्या आतली चित्रं, घन वस्तू छापणारी यंत्रं, सगळ्यावर व्याख्यानं. तरुण पोरं-पोरी आली, पण फेब्रुवारीत गच्चीवर मात्र दर्शना एकटीच जायची. त्यांतच एक कल्पिता, मथुराची नात! ती सोसायटीची सेक्रेटरी झाली तेव्हा माझा सागवानसुद्धा सुखावला.

यंदा पन्नास वर्षं पूर्ण होणार म्हणून सर्वेशने ठरवलं, ऑफिस अंधेरीला न्यायचं आणि जुन्या पट्ट्या स्कॅन करायच्या. दर्शना तेव्हा मावशीच्या आजारपणासाठी अकोल्याला गेली होती. सर्वेशने तिला फोन केला, "ताई, सगळ्या पट्ट्या स्कॅन करून ठेवतो." ती म्हणाली, "छान, करा." करा म्हणाली हो. फेका म्हणाली नव्हती.

जानेवारीत कल्पिता स्कॅनर घेऊन माझ्यासमोरच्या टेबलावर बसली. कपाटातल्या उन्हातल्या पट्ट्या एकेक काढू लागली. पहिली १९७५ ची, एकोणपन्नास उन्हांची. मथुराचा चेहरा म्हणजे नुसती फिकट छाया. पोरगी बराच वेळ बघत राहिली. आजी गेली तेव्हा ही सात वर्षांची. मग तिने संगणकावर एक चौकोन टिचकी मारून चालू केला. 'रंग पूर्ववत करा.' आणि पडद्यावर हिरवं लुगडं आलं, कुंकू आलं, कानांतलं सोनं आलं. "आज्जी!" ती किंचाळलीच. "सर्वेश, इकडे ये ना! बघ ना, कशी दिसत्येय!"

सर्वेश वाकून बघायला आला. "झकास! सगळ्यांना हेच लाव. पन्नासाव्या वर्षी लोकांना असले मेलेले फोटो दाखवायचे का यार?"

मित्रांनो, चित्र छापणाऱ्यांची ही जन्मखोड आहे. वाईट चित्र त्यांना बघवत नाही. दुसऱ्या कुणी, एखाद्या डॉक्टरने, एखाद्या कारकुनाने पट्ट्या आहेत तशा उतरवल्या असत्या. ह्यांचा हात शिवशिवला. पन्नासच्या पन्नास पट्ट्यांवरचं ऊन त्यांनी दुपारभरात पुसून टाकलं, आणि संध्याकाळी मूळ पट्ट्या जुन्या कागदांबरोबर गोणीत भरल्या. "आता कशाला ओझं, सगळं सेव्ह झालंय," म्हणे! घाटकोपरचा रद्दीवाला येऊन गोणी खांद्यावर मारून गेला. मी सगळं बघत होतो. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलं तेच टिपलं, स्वतःचं म्हणून एक अक्षर बोलता आलं नाही. त्या दिवशी मला माझ्या लाकूडपणाची चीड आली.

माझीही विल्हेवाट ठरली होती. अंधेरीच्या एका कॅफेवाल्याला मी शोभेला हवा होतो. त्याचा सुतार येऊन माझं माप घेऊन गेला. भाता फाडून आत दिवे बसवणार, मागच्या बाजूला बाटल्या ठेवायला फळ्या मारणार. पोटात काय आहे, हे कुणी विचारलंही नाही. ते फक्त दर्शनाला आणि मला माहीत होतं.

दोन फेब्रुवारी, रविवार. खोली माणसांनी गच्च भरली. माझ्या गळ्यात झेंडूचा हार. दर्शना आदल्या रात्रीच परतली होती, सरळ सभेलाच आली. सर्वेशने पडदा लावला आणि एकेक मथुरा दाखवायला सुरुवात केली. पंच्याहत्तर सालची, अठ्ठ्याहत्तर सालची, नव्व्याण्णव सालची. सगळ्या ताज्या, तुकतुकीत, जशा कालच छापल्यात. टाळ्यांचा कडकडाट. दर्शना उठून उभी राहिली.

"ऊन कुठाय?"

कुणाला कळेना. सर्वेश हसत म्हणाला, "ताई, खिडकी उघडू का?"

"पट्ट्यांवरचं ऊन कुठाय, सर्वेश? नव्व्याण्णवची पट्टी पांढरी झाली होती. हिच्यात लाल कुठून आला?"

"ताई, ते आपण रिस्टोअर केलंय. सगळ्यांनाच. मस्त आलंय ना?"

"मूळ पट्ट्या आण."

सर्वेशचं हसू गेलं. कल्पिताने खाली मान घातली. तिने रद्दीवाल्याला फोन लावला, आवाज मोठा ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तो म्हणाला, "अहो मॅडम, ती गाडी गिरणीत जाऊन दोन आठवडे झाले. लगदा झाला असंल त्याचा."

दर्शना तरातरा माझ्याकडे आली, गळ्यातला हार ओढून काढला आणि माझं मागचं दार उघडलं. आतून पन्नास अंधारातल्या पट्ट्या काढल्या. नव्व्याण्णवची घेतली आणि पडद्यावरच्या नव्व्याण्णवशेजारी धरली. तेच लाल, तेच हिरवं, तेच डोळे.

सर्वेशचा जीव भांड्यात पडला. "बघा ना ताई! अगदी तंतोतंत!"

"तंतोतंत आहे हेच तर रडं आहे रे!" दर्शना अशी ओरडली की माझी लेन्स थरथरली. "दोन्ही सारख्या झाल्या तर मोजायचं काय? पन्नास वर्षं माणसं गच्चीवर बसली ती ह्या दोन पट्ट्यांमधल्या फरकासाठी. फरक हेच आमचं काम होतं. तेवढंच फेकलंत तुम्ही, आणि टाळ्या वाजवताय!"

सर्वेश खुर्चीत बसला, पुन्हा उठला, पुन्हा बसला. "मी... ताई, मला वाटलं..." कल्पिता रडत होती. "मी केलं ते, ताई. त्याने नाही. आजी अशी पुसलेली बघवेना मला."

दर्शना तिच्याकडे बघत राहिली. तिच्या बापानेही एका पुसलेल्या चेहऱ्यापायीच हे सगळं सुरू केलं होतं. मला वाटलं, आता ही मवाळ होणार. झाली नाही. ठीकच केलं. तिने घड्याळ बघितलं. अकरा वाजत होते. "गच्चीवर अजून सहा तास ऊन आहे," ती म्हणाली. "कात्री आण."

"कशाला?"

"प्रत्येक पट्टी मधोमध कापायची. अर्धी उन्हात, अर्धी परत ह्याच्या पोटात. पहिल्यापासून सुरू."

"मधोमध म्हणजे..." कल्पिताने पट्टीकडे बघितलं. "चेहऱ्यातून?"

"चेहऱ्यातून."

दोनशे माणसांसमोर ती पोरगी कात्री हातात धरून उभी राहिली. सर्वेश म्हणाला, "दे, मी कापतो." तिने मान हलवली. पहिली पट्टी घेतली, पंच्याहत्तर सालची. कपाळाच्या मध्यावर, कुंकवावर कात्री टेकवली. "सॉरी गं आज्जी," म्हणाली आणि कापली. एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे. मग दुसरी. मग तिसरी. पन्नास वेळा. शेवटी-शेवटी तिचा हात सरळ चालत होता. सर्वेश शेजारी बसून प्रत्येक पट्टीचं साल आणि रंगांची नोंद लिहीत होता, दर्शनाने सांगितलेली, चक्क वहीत. माणिक, ऐकतोयस ना?

जेवणाची पंगत तशीच राहिली. अर्ध्या पट्ट्या गच्चीवर गेल्या. चौकट मात्र कल्पितानेच बांधली, तिरकी, एकीची सावली दुसरीवर पडणार नाही अशी. ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती, वर्सोव्यात तिच्या दारात बोंबील वाळवायच्या अजून तशाच चौकटी आहेत.

दुसऱ्या दिवशी कॅफेवाला टेम्पो घेऊन दारात हजर. सर्वेशने त्याला हात जोडले. "सॉरी बॉस, हा द्यायचा नाही." तो तडकला, "अरे, काल-परवापर्यंत तर डबा म्हणत होतास! रिकामा डबाच तर आहे!" कल्पिता माझ्या आणि त्याच्यामध्ये येऊन उभी राहिली. "रिकामा नाहीये तो," ती म्हणाली. टेम्पो गेला.

म्हणून मी अजून विक्रोळीतच आहे, मित्रांनो. पण माझा राग गेलेला नाही. गेलेली पन्नास उन्हं कुणी परत आणून देणार नाही, सर्वेश नाही, त्याचा संगणक तर नाहीच. दर्शना आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. हे काम पुन्हा पन्नास उन्हांचं व्हायला तिचं आयुष्य पुरणार नाही. तिला ते माहीत आहे, तरी ती दर फेब्रुवारीला जिने चढणार आहे.

तेव्हा माझं मागणं तुमच्याकडे आहे, जे आज दहा-बारा वर्षांचे आहात त्यांच्याकडे. जुनं जपा, वस्तूंवर प्रेम करा, असलं गुळमुळीत मी सांगणार नाही. जपलेलं तर ह्यांनीही होतं, नको ते जपलं. मी तारीखच सांगतो. २०७५ सालच्या फेब्रुवारीचा पहिला रविवार, कन्नमवार नगरची गच्ची. डबा घेऊन या, दिवसभर कावळे हाकावे लागतील. कल्पिता असलीच तर एकोणऐंशी वर्षांची असेल, तिला जिना चढताना हात द्या. संध्याकाळी उन्हातली अर्धी मथुरा खाली आणा, माझं मागचं दार उघडा, आतली अर्धी काढा आणि दोन्ही अर्धे शेजारी शेजारी धरून चेहरा जुळवा. दोन्हीकडचं कुंकू एकाच रंगाचं निघालं, तर समजा की पुन्हा कुणीतरी शहाणपणा केलाय, आणि मला खुशाल भंगारात घाला. एकीकडे लाल आणि दुसरीकडे पुसट निघालं, तर माझ्या भात्यावर थाप मारून मला सांगा. त्या दिवशी माझा राग जाईल.